चंद्र पडायला तीन दिवस

हायरूल नावाचं एक राज्य आहे. तिथं गवत कापलं की रुपये सापडतात. हिरवा रुपया एकाचा, निळा पाचाचा, तांबडा विसाचा. ती नाणी नव्हेत, रंगीत खडे आहेत. पण नाव रुपयेच. जपानी लिपीत आपला रुपया जसा लिहितात, अगदी तसंच या खड्यांचं नावही लिहितात. हे राज्य जगाच्या नकाशावर मिळणार नाही. जपानमधल्या क्योतो शहरातल्या निंटेंडो कंपनीनं ते १९८६ साली रचलं, आणि तेव्हापासून त्या राज्यावर पुन:पुन्हा तेच संकट येत आलं आहे. गॅनन नावाचा दुष्ट उठतो, झेल्डा नावाची राजकन्या संकटात सापडते आणि लिंक नावाचा हिरव्या टोपीचा एक मुलगा तलवार घेऊन निघतो. या व्हिडिओ गेमच्या मालिकेचं नाव 'द लिजंड ऑफ झेल्डा'.

पन्नाशी ओलांडलेला, कविता लिहिणारा बी.ए. झालेला माणूस या वाटेला कसा लागला, हे आधी सांगतो. २०२० च्या टाळेबंदीत माझी मुलगी पुण्याहून मिरजेला घरी आली, ती लॅपटॉप आणि निंटेंडोचं स्विच नावाचं यंत्र घेऊनच. दिवसभर तिची नोकरी चालायची आणि रात्री तो खेळ. मला सुरुवातीला रागच आला. मग एका रात्री ती म्हणाली, "अब्बा, पडद्यावर फार वाचायला येतंय. तुम्ही वाचा, मी पळते." तेव्हापासून आमची वाटणी ठरली. बोटं तिची, वाचन माझं. माझी बोटं त्या बटणांवर वळत नाहीत. लिंकला उडी मारायला सांगावं तर तो ढाल उगारतो.

पुढे कंपनीनं जुने खेळही नव्या यंत्रांवर आणले, तसे आम्ही मागे मागे जात गेलो. मालिकेत आज वीसच्या आसपास खेळ आहेत. आम्ही सहा-सात पाहिले असतील. आवडते कोणते, यावर घरात एकमत नाही, आणि आज बोलायचं आहे ते या मतभेदाबद्दलच.

पहिला खेळ शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका यांनी घडवला. मियामोतोंचं बालपण क्योतोजवळच्या सोनोबे या गावात गेलं. तिथल्या टेकड्या आणि गुहा धुंडाळत हिंडल्याची आठवण त्यांनी अनेकदा सांगितली आहे, आणि तो हिंडण्याचा आनंदच त्यांनी खेळात आणला. खेळ सुरू होतो तेव्हा लिंक एका माळावर उभा असतो. कुठं जायचं हे कुणी सांगत नाही. शेजारी एक गुहा दिसते. आत एक म्हातारा तलवार देतो, बस्स. शिवाय अर्ध्यावर थांबून दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढे खेळायची सोय होती. त्या काळी घरच्या यंत्रांवर ती दुर्मीळ होती. त्यामुळं एका बैठकीत संपणाऱ्या खेळाची रात्री-रात्री चालणारी गोष्ट झाली. माझी दादी हातिमताईची दास्तान अशीच सांगायची. सात सवालांतला एक सवाल सुटायला आठवडा जायचा.

१९९८ च्या 'ऑकरिना ऑफ टाइम'ला जगभरचे समीक्षक डोक्यावर घेतात. समीक्षकांच्या गुणांची सरासरी मांडणाऱ्या मेटाक्रिटिकवर त्याला शंभरात ९९ आहेत. ही मालिका सपाट चित्रातून त्रिमिती जगात आली ती याच खेळात. त्यात एक अडचण होती. चहूबाजूंनी मोकळ्या जगात शत्रूवर नजर ठेवून लढायचं कसं? मंडळींनी तोड काढली ती क्योतोतल्या एका सिनेस्टुडिओच्या बागेत सामुराईंचं नाटक पाहून. तिथं शत्रू अनेक असले तरी अंगावर एकेकच येत होता. मग खेळातही एक बटण दाबलं की नजर एकाच शत्रूवर खिळते, अशी रचना झाली. आज असंख्य खेळ तीच युक्ती वापरतात. ऑकरिना म्हणजे आपल्या जत्रेतल्या मातीच्या शिट्टीची थोरली बहीण. लिंक ती वाजवतो आणि प्रत्येक सुरावटीनं काही घडतं, पाऊस पडतो किंवा रात्रीचा दिवस होतो. मी वाद्यं बनवणाऱ्यांच्या गावचा असल्यामुळं मला त्याचं अप्रूप वाटलं. लिंक देवळातली तलवार उपसतो आणि सात वर्षं झोपून तरुण होऊन उठतो. बाहेर येऊन पाहतो तर मघाचा गजबजलेला बाजार ओसाड पडलेला. हा प्रसंग उत्तमच आहे. पण मधलं मोठं मैदान मला आज रिकामं वाटतं. आदर आहे, माया नाही.

मुलीचा लाडका खेळ म्हणजे २०१७ चा 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड'. शंभर वर्षांच्या झोपेतून लिंक जागा होतो. त्याला काहीच आठवत नाही. थोडी पूर्वतयारी झाली की सारा मुलूख मोकळा. वाटेल त्या कड्यावर चढा. वाटलं तर थेट गॅननच्या किल्ल्यात जाऊन मरा. या जगाला स्वतःचे कायदे आहेत. पाऊस पडला की कडा निसरडा होतो. विजा चमकताना अंगावर लोखंड असेल तर वीज तुमच्यावरच पडते. गवत पेटवलं की गरम हवा वर उठते आणि त्या हवेवर छत्री धरून उडता येतं. दिग्दर्शक हिदेमारो फुजिबायाशी यांनी जागांमधलं अंतर ठरवताना आपल्या ओळखीच्या क्योतो शहराचा नकाशा या नकाशावर ठेवून पाहिला होता. चालायला किती वेळ लागतो याचा अंदाज त्यांना पायांनीच ठाऊक होता. टाळेबंदीत दाराबाहेर पाऊल टाकायची चोरी असताना आम्ही बापलेक रोज रात्री डोंगर चढत होतो. त्या उपकारांची किंमत मी कमी करणार नाही.

तरीही माझी तक्रार राहिलीच. त्या अफाट मुलखात प्रत्येकाचं काम तुमच्या सवडीनं थांबून राहतं. शंभर वर्षं गॅननला एकटीनं रोखून धरलेली झेल्डा, तुम्ही तळ्याकाठी मासे भाजत बसलात तरी आणखी शंभर दिवस रोखून धरते. मुलगी म्हणते, "अब्बा, तोच तर आराम आहे." असेल. पण ज्या जगात माझ्या उशिरानं कुणाचं काही बिघडत नाही, तिथं मी पाहुणाच राहतो.

माझ्या आवडीचे खेळ लहान आहेत. १९९३ चा 'लिंक्स अवेकनिंग' घ्या. हा खेळ खिशातल्या गेम बॉय यंत्रासाठी होता आणि त्याची सुरुवात कामाचे तास संपल्यावर हौसेखातर झाली होती. जहाज फुटून लिंक एका बेटावर येऊन पडतो. मरिन नावाची एक गाणारी मुलगी त्याला उचलून घरी नेते. बेटावरून सुटायचं तर डोंगरमाथ्यावर अंड्यात झोपलेल्या एका मोठ्या माशाला जागं करायचं आणि त्यासाठी आठ वाद्यं गोळा करायची. अर्धा खेळ झाल्यावर कळतं की हे बेट म्हणजे त्या माशाचं स्वप्न आहे. तो जागा झाला की बेट जाईल, घरं जातील, मरिनही जाईल. वाटेतले राक्षस तुम्हाला अडवतात ते दुष्टपणापायी नव्हे, जगायचं आहे म्हणून. हे कळल्यावर मी मुलीला म्हणालो, आता इथंच थांबू या. ती म्हणाली, "थांबलो तरी आपणच थांबवलं, असं होईल ना." तिनं शेवटचं वाद्य मिळवलं. नंतर घरात कुणी फारसं बोललं नाही.

मी कवितेत आयुष्य घालवलं आहे. कवितेतलं दुःख वाचणाऱ्याला कितीही भिडलं तरी ते त्यानं घडवलेलं नसतं. इथं बटण दाबणारं बोट आपल्याच घरातलं होतं. हे माझ्या कवितेला जमणारं नाही, हे कबूल करायला मला थोडे दिवस लागले.

२००२ चा 'विंड वेकर'ही या जातीचा. त्याची चित्रं आधी जाहीर झाली तेव्हा ती लहान मुलांच्या कार्टूनसारखी आहेत म्हणून चाहते चिडले होते. खेळ आला तेव्हा दिसलं की त्या गोल डोळ्यांच्या मुलांमागे मोठा शोक आहे. हायरूल राज्य समुद्राच्या तळाशी गेलंय आणि वर राहिलेल्या डोंगरशिखरांची बेटं झाली आहेत. लिंक हातातल्या छडीनं वाऱ्याची दिशा बदलतो आणि होडी हाकतो. होडी हाकणं काही वेळा कंटाळवाणं होतं, हे खरं. पण यातला गॅनन मला सगळ्या खेळांत मोठा वाटतो. तो सांगतो की माझा देश वाळवंट होता; तिथला वारा दिवसा जाळायचा, रात्री गोठवायचा; हायरूलवरून येणारा वारा मात्र वेगळा होता आणि मला तो हवासा वाटला. खलनायकाला एखाद्या वाऱ्याचा हेवा वाटावा, ही कल्पना ज्याला सुचली त्याला माझा सलाम. शेवटी हायरूलचा म्हातारा राजा ईप्सित मागायची वेळ येते तेव्हा आपलं राज्य परत मागत नाही. ते कायमचं बुडू दे आणि या मुलांना त्यांचा उद्या मिळू दे, असं मागतो आणि स्वतः तळाशीच थांबतो.

इथं मुलीची एक तक्रार नोंदवायला हवी. मालिकेवर नाव राजकन्येचं आणि खेळायचं मात्र त्या टोपीवाल्या मुलानं. निंटेंडोनं स्वतः बनवलेल्या मुख्य मालिकेत झेल्डा प्रमुख नायिका झाली ती २०२४ च्या 'इकोज ऑफ विज्डम'मध्ये, म्हणजे ३८ वर्षांनी. त्या खेळाच्या दोन दिग्दर्शकांपैकी एक स्त्री होती, तोमोमी सानो. मुलगी म्हणाली, "सरकारी काम दिसतंय." यावर माझ्यापाशी उत्तर नव्हतं.

आता माझा सर्वांत आवडता खेळ, २००० सालचा 'मजोराज मास्क'. 'ऑकरिना'नंतर साधारण वर्षभरात दुसरा खेळ करायचा होता, म्हणून एइजी आओनुमा, योशिआकी कोइझुमी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुनेच चेहरे घेतले आणि त्यांना नवी नावं, नवी आयुष्यं दिली. घाईतून आलेली ही काटकसर, पण स्वप्नात ओळखीची माणसं भलत्याच भूमिकेत भेटावीत तसं वाटतं. गाव एवढंसं, मधोमध घड्याळाचा मनोरा. आकाशात रागीट चेहऱ्याचा चंद्र, आणि तो तीन दिवसांनी गावावर पडणार आहे. खेळातले हे बहात्तर तास आपल्या घड्याळाच्या तासाभराच्या आतच संपतात. तेवढ्यात सगळं काम उरकत नाही, म्हणून शेवटच्या घटकेला ऑकरिनावर एक सुरावट वाजवायची आणि पहिल्या दिवसाच्या सकाळी परतायचं. मुखवटे आणि महत्त्वाच्या वस्तू तुमच्याकडे राहतात. बाण, खिशातले रुपये जातात आणि गावातल्या लोकांसाठी तुम्ही केलेलंही पुसलं जातं.

गावातल्या प्रत्येकाचं तीन दिवसांचं वेळापत्रक ठरलेलं. महापौरांच्या कचेरीत सुतार म्हणतात उत्सव होणारच. शिपायांचा नायक म्हणतो गाव रिकामं करा. आणि महापौर तीन दिवस नुसती बैठक घेतात. हे पाहून मला हसू आलं, मग आलं नाही. पोस्टमनला पळून जावंसं वाटतं, पण पळणं त्याच्या वेळापत्रकात लिहिलेलं नाही, म्हणून तो शेवटच्या रात्री पोस्टातच तळमळत राहतो.

या गावात अंजू नावाची एक मुलगी खाणावळ-मुक्काम चालवते. तिचं लग्न ठरलंय आणि नवरा मुलगा काफे महिन्याभरापासून बेपत्ता आहे. लोक म्हणतात, पळाला. खरं म्हणजे शापानं तो लहान मुलगा झालाय आणि लग्नाचा मुखवटा चोरीला गेल्यामुळं तोंड लपवून बसलाय. त्यांची गाठ घालून द्यायची तर तीन दिवसांत ठरल्या वेळी ठरल्या जागी हजर राहावं लागतं. रात्री साडेअकराला स्वयंपाकघरात अंजूला भेटायचं, तिचं पत्र पेटीत टाकायचं, दुसऱ्या दिवशी पोस्टमनच्या मागे जायचं. एक वेळ चुकली की सगळं पहिल्यापासून. आम्ही दोनदा चुकलो. एकदा माझ्यामुळं, मी चहा करायला उठलो होतो.

तिसऱ्या खेपेला जमलं. शेवटच्या रात्री गाव रिकामं झालेलं, जमीन हादरते आहे आणि अंजू घर सोडून न जाता खोलीत वाट पाहत बसलेली. चंद्र पडायला तासाहून थोडा अधिक वेळ उरलेला असताना तो छोटा मुलगा दारात येतो. ती त्याला ओळखते. दोघं एकमेकांना धरून बसतात आणि तुम्हाला सांगतात, तू जा, आम्ही सकाळ इथंच पाहू.

मुलीनं कंट्रोलर खाली ठेवला. पडद्यावरचं घड्याळ चालूच होतं. मी म्हणालो, वाजव आता. ती म्हणाली, "वाजवलं की हे पुन्हा वेगळे होणार." मी म्हणालो, नाही वाजवलं तर मरणार. "पण शेवटी खेळ संपताना यांचं लग्न दाखवतात, मी वाचलंय," असं तीच मग म्हणाली, बहुधा माझ्यासाठी. तरी बराच वेळ तिनं बटणाला हात लावला नाही. अगदी शेवटच्या मिनिटाला वाजवलं.

सकाळ झाली. घड्याळाच्या मनोऱ्याखाली सुतारांची ठोकाठोक सुरू होती. आम्ही आधी खाणावळीत गेलो. अंजू गल्ल्यामागे उभी होती आणि आम्हाला ओळखत नव्हती. तिथून बँकेत गेलो. काळ मागे गेला तरी त्या बँकेतली ठेव जात नाही, त्याचं कारण एवढंच की खातेदाराच्या अंगावर न दिसणाऱ्या शाईचा शिक्का मारलेला असतो. आमचे रुपये जसेच्या तसे होते.