उजळणाऱ्या पेशी – ७ : पेशी गेली, ठिपका राहिला

नॅनोहिऱ्यांवर लिहायचं कबूल केलं होतं, ते पुढच्या रविवारवर ढकलतो. नाशिकच्या एका शिक्षिकाबाईंच्या पत्रातल्या एका ओळीने माझा सगळा आठवडा घेतला. त्या विचारतात, ‘उंदराच्या अंगात सोडलेली मूलपेशी मेली, तर तिच्यातला क्वांटम डॉट विझतो का?’

नाही विझत. बाई, तुम्ही नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलंत.

उपचार म्हणून शरीरात सोडलेल्या मूलपेशी कुठे गेल्या हे कळावं, म्हणून त्यांच्यात आधी उजळणारे कण भरतात. क्वांटम डॉट हा असाच एक कण, म्हणजे काही नॅनोमीटरचा कॅडमियम सेलेनाइडचा स्फटिक, वर झिंक सल्फाइडचं कवच. त्याच्यावर निळा प्रकाश टाकला की तो लाल उजळतो. भोवतालची पेशी जिवंत आहे की मेलेली, याची त्याला गंधवार्ता नसते.

मला हे पहिल्यांदा कळलं ते अंधाऱ्या खोलीत सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसलो असताना. ताटलीच्या तळाशी मूलपेशी लांबट, पाय पसरून चिकटलेल्या. प्रत्येकीत केंद्रकाभोवती लाल दाणे, मधलं केंद्रक काळं, रिकाम्या कोनाड्यासारखं. आणि एका बाजूला एक गोल ठिपका, सगळ्यांहून झगझगीत. मी हरखलो. शेजारच्या ज्येष्ठ सहकाऱ्यांनी काही न बोलता साधा दिवा लावला. ती पेशी मरून तळापासून सुटली होती आणि द्रवात तरंगत होती.

ताटलीत हे निदान दिसतं तरी. शरीरात मेलेली पेशी तशीच पडून राहत नाही, मॅक्रोफेज नावाच्या भक्षक पेशी तिला गिळतात, कणांसकट. मग उजेड त्याच जागी दिसत राहतो, फक्त तो आता भलत्याच पेशीच्या पोटातून येतो. २००७ मध्ये इस्रायलमधल्या संशोधकांनी उंदरांच्या झटका आलेल्या हृदयात मूलपेशी सोडल्या. त्यांचे कण प्रकाशाचे नव्हते, लोह ऑक्साइडचे होते, एमआरआयमध्ये दिसणारे. पण धडा तोच. चार आठवड्यांनीही खूण जागेवर होती. हृदयाचे काप तपासले, तर सोडलेल्या बहुतेक पेशी मेलेल्या, आणि खूण येत होती ती मॅक्रोफेजमधून.

आता उलट बाजू बघा. मूलपेशीचं कामच विभागणं. एकीच्या दोन झाल्या की कण दोघींत वाटले जातात. दहा विभाजनांनंतर एकेकीच्या वाट्याला सरासरी मूळच्या कणांचा १०२४ वा हिस्सा उरतो. म्हणजे जी पेशी रुजली, वाढली, तिचा उजेड मंदावत जातो, आणि जी मेली तिचा ठिपका ठळक राहतो. नुसत्या चकाकीवरून उपचार लागू पडला असं म्हणणं म्हणूनच धोक्याचं.

यावर उपाय काजव्याकडे आहे. फोटिनस पायरॅलिस या अमेरिकी काजव्याचं ल्युसिफरेज हे विकर बनवणारं जनुक १९८५ मध्ये वेगळं काढण्यात आलं. ते मूलपेशीत बसवलं आणि प्राण्याला त्या विकराचं इंधन, म्हणजे ल्युसिफेरिन, टोचलं, की पेशी स्वतः उजळते. मात्र त्यासाठी ऑक्सिजन लागतो आणि एटीपी, म्हणजे पेशीची ऊर्जा. पेशी मेली की एटीपी संपतं आणि दिवा मालवतो. शिवाय जनुक प्रत्येक विभाजनात नव्याने लिहिलं जातं, त्यामुळे लेकीही तितक्याच उजळ. अडचण एवढीच, की पेशीच्या जनुकांत हात घालावा लागतो, आणि माणसावरच्या उपचारात तो सहजासहजी घालता येत नाही. कणांना ती गरज नाही, म्हणून तर त्यांचा एवढा हव्यास.

माझं मत विचाराल, तर साक्षीदार दोन हवेत. पेशी नराची घ्यावी, मादीच्या शरीरात सोडावी, आणि जिथे ठिपका दिसतो तिथल्या ऊतीत वाय गुणसूत्र शोधावं. ठिपका आहे आणि त्याच पेशीच्या केंद्रकात वायही आहे, तर आपलीच पेशी. ठिपका आहे आणि वाय नाही, तर तो मॅक्रोफेजच्या पोटातला.

पुढच्या रविवारी तैवानला जाऊ, फुप्फुसाच्या मूलपेशींत घातलेल्या नॅनोहिऱ्यांकडे. त्यांचा लाल उजेड कितीही वेळ पाहिला तरी फिका पडत नाही. तेव्हा बाईंचा प्रश्न आठवणीने बरोबर घ्या. तिथे तो जास्तच लागणार आहे.