थेंब पडतो तिथे गळत नसतं

जुन्या गाडीखाली डाग दिसले की घरात दोन मतं हमखास निघतात. एक, "जुनी आहे, गळणारच." दुसरं, "इंजिन गेलं, विकून टाका." दोन्ही मतं गाडीखाली न बघताच दिलेली असतात. खरं तर प्रश्न दोन आहेत. थेंब कशाचा आहे? आणि तो निघतो कुठून? ते याच क्रमाने सोडवायचे असतात. मी वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी, पण गेल्या उन्हाळ्यात मामांच्या एमजीबीखाली पाठीवर झोपून हे शिकायला मिळालं. ते इथे मांडते.

एमजीबी ही दोन सीटची इंग्लिश स्पोर्ट्स कार. ॲबिंग्डन या गावी १९६२ ते १९८० या काळात ती बनत होती. सगळे प्रकार धरून पाच लाखांहून जास्त गाड्या निघाल्या. तिचं १७९८ सीसीचं इंजिन बीएमसीच्या 'बी-सिरीज' घराण्यातलं. आपल्या अँबॅसडरचं जुनं १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिनही त्याच घराण्यातलं. म्हणूनच बेळगावात या गाडीची दुखणी कळायला अँबॅसडरवर हात बसलेला म्हातारा मिस्त्री पुरतो.

मामांना पावसाळ्याआधी चोर्ला घाटातून गोव्याला जायचं होतं. गाडीखाली मात्र दोन ठिकाणी ओल. एका गॅरेजवाल्याने उभ्या उभ्याच सांगितलं होतं, "क्रँकचं मागचं सील गेलंय, इंजिन उतरवावं लागेल." हे सील फ्लायव्हीलच्या मागे असतं, त्यामुळे इंजिन काढल्याशिवाय तिथे हात पोचत नाही. खर्च ऐकून मामी म्हणाल्या, "मग विकाच की आता." मिस्त्री मात्र एवढंच म्हणाले, "आधी पुठ्ठा टाका, साहेब."

पुठ्ठा काय सांगतो?

फ्रीजच्या खोक्याचा मोठा पुठ्ठा रात्रभर गाडीखाली ठेवायचा आणि चारही चाकांच्या जागा त्यावर पेनने आखायच्या. सकाळी थेंबांचा नकाशा तयार. आमच्या नकाशावर एक काळपट डाग इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्याखाली होता, आणि दुसरा, फिकट, डाव्या मागच्या चाकाच्या आतल्या बाजूला.

आता ओळख. चाललेलं इंजिन ऑइल काळं असतं. गंमत म्हणजे एमजीबीच्या गिअरबॉक्समध्येही इंजिनचंच २०डब्ल्यू-५० ऑइल घालतात. पण तिथे जळण्याची काजळी मिसळत नाही, म्हणून ते बरंच स्वच्छ राहतं. मागच्या ॲक्सलच्या नव्वद नंबर ऑइलला गंधकासारखा उग्र वास येतो. कूलंट रंगीत, बोटाला किंचित चिकट आणि वासाला गोडसर; ते विषारी असतं, कुत्र्या-मांजरांना चाटू देऊ नये. पेट्रोल वासावरूनच कळतं. ते गळत असेल तर गाडी सुरूच करायची नाही, कारण या गाडीत कार्ब्युरेटर आणि एक्झॉस्ट इंजिनच्या एकाच बाजूला आहेत.

वर बघा, पुढे बघा

काळा डाग इंजिन ऑइलचा, हे ठरलं. पण तेल खाली उतरतं, आणि गाडी धावताना वाऱ्याने मागे ढकललं जातं. म्हणून थेंब जिथे पडतो तिथे ते गळत असेलच असं नाही. शोधायची असते ती सगळ्यात वरची आणि सगळ्यात पुढची ओली जागा.

सांध्याच्या तळाला एक भोक असतं आणि त्यात एक सैल खिळपिन लोंबकळत असते. तेल आत साचून क्लचवर जाऊ नये म्हणून ते मुद्दाम ठेवलेलं असतं. तिथून थेंब पडला की सगळ्यांना क्रँकचं सीलच आठवतं. मिस्त्रींनी इंजिन डिग्रीझरने धुवून कोरडं करायला लावलं, आणि मग मी त्याच्यावर चक्क अंगाची टाल्कम पावडर भुरभुरली. गाडी वीस मिनिटं फिरवून आणली. पांढऱ्या पावडरीवर एक काळी रेघ स्पष्ट उमटली होती. ती सुरू होत होती टॅपेटच्या मागच्या पत्र्याच्या झाकणापासून, एक्झॉस्टच्या खाली. तिथून ब्लॉकवरून मागे सरकत ती थेट त्या सांध्यापर्यंत आली होती. क्रँकच्या सीलचा काही संबंध नव्हता.

त्या झाकणाचं कॉर्कचं गॅस्केट वाळून कडक झालं होतं. आणखी एक गोष्ट मिस्त्रींनी तपासली, ती म्हणजे इंजिनचा ब्रीदर. तो तुंबला तर आतला दाब वाढतो आणि प्रत्येक सांध्यातून तेल बाहेर ढकलतो. मग नवं गॅस्केट घालूनही उपयोग नाही. आमचा अर्धा तुंबलेला निघाला. झाकणाचा बोल्ट फार आवळायचा नसतो, हेही कळलं. पत्रा वाकतो आणि गळती वाढते.

फिकट डाग

या सगळ्यात खरा धोका दुसऱ्या डागाचा होता, आणि त्याबद्दल कोणीच बोललं नव्हतं. मागच्या चाकापाशी तीन गोष्टी गळू शकतात: ॲक्सलचं ऑइल, या गाडीच्या दांडीवाल्या शॉक ॲब्सॉर्बरचं तेल, नाहीतर ब्रेक फ्लुइड. पुठ्ठ्यावर वास उग्र नव्हता. मिस्त्री म्हणाले, "ताई, ग्लासभर पाणी आणा." चाकाच्या आतून टिपलेला थेंब पाण्यात टाकला. तेल असतं तर वर तरंगलं असतं. हा थेंब विरघळून गेला. नेहमीचं ब्रेक फ्लुइड पाण्यात मिसळतं. सिलिकॉनचं तेवढं मिसळत नाही.

मामा गप्प झाले. त्यांच्या गाडीत चारही चाकांच्या ब्रेकना मिळून एकच सर्किट आहे. एका चाकाचं सिलिंडर फुटलं की पेडल तळाला जातं आणि चारही ब्रेक जातात. चोर्लाच्या उतारावर हातात राहणार फक्त हँडब्रेक. ड्रम उघडला तर सिलिंडरच्या रबराभोवती ओल होती आणि ब्रेक शू भिजले होते. भिजलेले शू पुसून वापरायचे नसतात, बदलायचेच. तेही दोन्ही मागच्या चाकांचे एकदम, नाहीतर गाडी एका बाजूला ओढते.

गॅस्केट, दोन सिलिंडर, शू, नवं फ्लुइड आणि मजुरी: सगळं मिळून इंजिन उतरवण्याच्या खर्चाच्या जवळपासही गेलं नाही. गाडी विकायचा विषय मामींनीच बंद केला. मामा गोव्याला गेले, पण चार दिवस रोज पेडल दाबून आणि फ्लुइडची पातळी बघून, मगच.

तुमच्या घरी एमजीबी नसेल. स्कूटर किंवा जुनी मारुती तरी असेलच. पुठ्ठा, टाल्कम पावडर आणि ग्लासभर पाणी तिलाही चालतं. आणि मोठा काळा डाग बघून घाबरलात, तरी शेजारचा लहान फिकट डाग आधी तपासा.