कुलपाचा दोष की चौकटीचा?

मृगाच्या सरी नांदेड जिल्ह्यातील आमच्या उमरीच्या शिवारात दोन-चारदा पडून गेल्या, की गावातील निम्म्या घरांची दारे एकाएकी हट्टाला पेटतात. उन्हाळ्यात एका बोटाने लोटले तरी मिटणारे कवाड खांदा लावल्यावाचून चौकटीत बसत नाही, लॅचची जीभ तिच्या खाचेपर्यंत पोहोचत नाही, किल्ली अर्ध्या फेऱ्यात अडते. आणि घरधनी, सारा मुद्देमाल कुलपापाशीच सापडला असल्यामुळे गुन्हाही त्याच्याच नावे दाखल करून, बाजारातून नवे कुलूप विकत आणतो. तेही आठ दिवसांत तसेच अडू लागते. वास्तविक अशा खटल्यांत कुलूप हे बहुधा साक्षीदार असते. आरोपी शोधायचा तर चौकट, बिजागरी, लाकूड आणि पायाखालची माती या क्रमाने पंचनामा करीत खाली उतरावे लागते.

मात्र मूळ सर्वांत तळाशी असल्यामुळे, समजून घेताना प्रथम मातीचेच पाहू. नांदेड-लातूरच्या काळ्या रानाची जमीन अग्निजन्य काळ्या पाषाणाच्या झिजेतून झालेली असून तिच्यातील चिकणमाती पाणी पिऊन फुगते व उन्हाने आखडते. वैशाखात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि श्रावणात त्यांचा मागमूसही राहत नाही, हे येथील कुणब्याला सांगण्याची आवश्यकता नाही. जी माती शेतात एवढी हालचाल करते, ती घराच्या पायाखाली स्वस्थ बसेल अशी अपेक्षा करणे व्यर्थ होय. पाया उथळ असला, की घराचा एक कोपरा दुसऱ्याहून किंचित वर उचलला जातो, आणि भिंतीला तडा जाण्याच्या कितीतरी आधी ही बातमी दाराला कळते. कारण चौकोनी चौकट तिरपी होताच वरच्या कोपऱ्यातली फट एकीकडे मिटते व दुसरीकडे रुंदावते.

त्यातच लाकडाची भर पडते. किनवट-माहूरच्या जंगलातील सागवान आपल्या मुलखात नावाजलेले, आणि आखडण्या-फुगण्याच्या बाबतीत ते खरोखरच संयमी आहे. तरीही ओले सागवान पुरते सुकेपर्यंत वर्षवलयांच्या दिशेने सुमारे 5.8 टक्के, गाभ्यातून सालीकडे जाणाऱ्या दिशेने सुमारे 2.5 टक्के आकसते, लांबीत मात्र जवळजवळ नाहीच. घरात बसलेल्या दाराच्या वाट्याला यातला काही अंशच येतो. पण उभ्या फळ्या जोडून केलेले अडीच फुटी कवाड केवळ एक टक्का फुगले, तरी रुंदीत साडेसात मिलिमीटरांची वाढ होते, आणि सुताराने भोवती ठेवलेली फट असते जेमतेम तीन मिलिमीटरांची. बाभूळ, कडुलिंब किंवा नीट न वाळवलेले कोणतेही लाकूड असेल, तर विचारूच नका.

म्हणूनच आषाढात दाराला रंधा मारण्याची घाई ही माझ्या मते या विषयातील सर्वांत महागडी चूक आहे. पावसात तासलेले दार चैत्रात आखडते, बोटभर फट पडते, लॅचची जीभ खाचेत टेकते न टेकते, आणि मग पट्ट्या ठोकून ती फट बुजवण्याचा दुसरा खर्च उभा राहतो. दार अगदीच मिटत नसेल, तर घासणाऱ्या कडेवर मेण किंवा साबणाची वडी चोळून दिवस काढावेत आणि लाकूड सुकल्यावर, कार्तिकानंतर, पुन्हा मोजमाप घ्यावे. तेव्हाही घासत असेल, तर मात्र दोष ऋतूचा नव्हे. मग बिजागरी तपासावी.

बिजागरीचे, म्हणजे आमच्याकडील हार्डवेअरच्या दुकानात ज्याला सर्रास कब्जा म्हणतात त्याचे, गणित थोडे विस्ताराने सांगण्याजोगे आहे. तीस किलो वजनाचे, 80 सेंटिमीटर रुंदीचे कवाड घ्या. त्याच्या वजनाचा मध्य बिजागरीच्या रेषेपासून 40 सेंटिमीटर दूर पडतो. वरच्या व खालच्या बिजागरीत 160 सेंटिमीटरांचे अंतर असेल, तर वरची बिजागरी चौकटीतून बाहेर खेचणारा ओढा साडेसात किलोंचा होतो. तेच अंतर निम्मे ठेवले, तर ओढा दुप्पट, पंधरा किलोंचा. खालची बिजागरी तेवढ्याच बळाने चौकटीवर दाबली जाते, म्हणून तिची तक्रार क्वचितच येते. सारे दुखणे वरचीचे. तिचे स्क्रू सैल झाले, की लॅचकडील बाजू खाली झुकते, कवाडाचा वरचा कोपरा चौकटीला भिडतो, खालचा कोपरा फरशीवर अर्धवर्तुळाकार ओरखडा काढतो. हा ओरखडा दिसला, की कुलपाकडे पाहण्याचे कारणच उरत नाही.

स्क्रू सैल का होतात, याचे उत्तर बांधकामावर तासभर उभे राहिल्यास मिळते. कारागीर स्क्रू पेचकसाने पिळण्याऐवजी तीन-चतुर्थांश हातोडीने ठोकतो आणि शेवटचे दोन वळसे तेवढे लोकलज्जेस्तव देतो. अशा ठोकलेल्या स्क्रूचे आटे लाकडाचे तंतू धरण्याऐवजी फाडीत जातात, व ते भोक जन्मतःच सैल असते. उपाय घरच्या घरी होण्यासारखा आहे. कवाडाखाली पाचर सारून त्याचे वजन तोलून धरावे, वरच्या बिजागरीचे स्क्रू काढावेत, सागवानाच्या किंवा बांबूच्या बारीक कामट्या फेव्हिकॉलमध्ये बुडवून भोकात गच्च ठोकाव्यात, रात्रभर वाळू द्याव्यात, बाहेर आलेली टोके पटाशीने सपाट करावीत, आणि नव्या लाकडात बारीक छिद्र पाडून स्क्रू पिळून बसवावेत, ठोकू नयेत. पहिल्याहून अर्धा-पाऊण इंच लांब स्क्रू घेतला तर अधिक उत्तम. एवढ्यानेही कवाड किंचित झुकलेलेच राहिले, तर खालच्या बिजागरीच्या पानामागे पोस्टकार्डाच्या जाडीचा पुठ्ठा घालावा. खालचा कोपरा त्याने बाहेर रेटला जाऊन लॅचकडील बाजू वर उचलली जाते.

आता जीभ आणि खाच. जीभ खाचेत का शिरत नाही, हे डोळ्यांनी कळत नाही, कारण दार मिटले की दोन्ही दिसेनाशा होतात. जिभेच्या टोकाला काजळ लावून दार लोटावे आणि उघडून चौकटीवरील पत्र्यावरचा डाग पाहावा. डाग भोकाच्या दीड-दोन मिलिमीटर खाली उमटला असेल, तर पत्रा काढून कानशीने भोक तेवढे खाली वाढवले की काम भागते. याहून अधिक अंतर असेल तर पत्रा हलवणे किंवा मुळात बिजागरी दुरुस्त करणे श्रेयस्कर.

येथे जुन्या वाड्यांची आठवण अपरिहार्य आहे. मराठवाड्यातील दगड-मातीच्या जाड भिंतींच्या घरांत दाराचा बंदोबस्त अडण्याने होई, म्हणजे भिंतीतल्या बोगद्यातून आडवा ओढून घेतलेल्या लाकडी दांड्याने. आणि बाहेर पडताना कडी कोयंड्यात अडकवून तीत कुलूप घालीत. अडण्याला कवाड अर्धा इंच खाली आले काय अन् वर गेले काय, सारखेच. कडीलाही ढिलाई मानवते. काळ्या मातीवरचे घर हलणार, हे गृहीत धरूनच जणू ही योजना होती. शहरातून आलेल्या आधुनिक लॅचला मात्र दोन मिलिमीटरांचीही चूक सोसत नाही, आणि ते आपण हलत्या जमिनीवरच्या चौकटीत बसवतो. उमरीसारख्या गावी तळमजल्याच्या मुख्य दाराला लॅच असला, तरी कडी-कोयंडा काढून टाकू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

या आधुनिक कुलपाची कुळी मोठी आहे. वेगवेगळ्या उंचीच्या खिळ्या किल्लीने नेमक्या एका पातळीवर उचलायच्या, ही कल्पना प्राचीन मिसरच्या लाकडी कुलपांत होती. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेच्या लायनस येल याने तीच पितळी नळीत आणली. मुंबईत अर्देशर गोदरेज यांनी वकिली सोडून 1897 मध्ये लालबागला कुलुपांचा कारखाना काढला, आणि तेव्हापासून मराठी घरात त्या नावाचा वचक बसला. मात्र वचकाला मर्यादा असतात. 1851 च्या लंडनच्या प्रदर्शनाच्या दिवसांत हॉब्स नावाच्या अमेरिकन कारागिराने अजिंक्य मानली गेलेली चब व ब्रामा ही दोन्ही इंग्रजी कुलपे उघडून दाखवली होती. ही मर्यादा बँकेलाही चुकत नाही; खुद्द उमरीचे नाव इतिहासात आले, ते 30 जानेवारी 1948 रोजी हैदराबाद मुक्तिसंग्रामातील स्वातंत्र्यसैनिकांनी येथील बँकेवर घातलेल्या छाप्यामुळे. तरीही दारावाचून भागत नाही; जेथे घरांना कवाडेच नाहीत अशी ख्याती असलेल्या शनिशिंगणापुरातसुद्धा 2011 मध्ये बँकेची शाखा निघाली, तेव्हा तिला दार लावावेच लागले.

आधुनिक कुलपातील खिळ्या आणि त्यांच्यावरील केसासारख्या स्प्रिंगा यांचा खरा शत्रू चोर नव्हे, स्वयंपाकघरातील तेल होय. किल्ली जड चालू लागली, की आपल्याकडे करडईच्या तेलाचे दोन थेंब कुलपात सोडण्याची रीत आहे. परभणीच्या कृषी विद्यापीठाने जिचे सुधारित वाण दिले, त्या करडईच्या तेलात लिनोलिक आम्ल सुमारे पाऊणशे टक्के असते, आणि हवेतील प्राणवायूशी संयोग होऊन घट्ट पापुद्रा धरणे हा अशा तेलाचा गुणधर्मच आहे. रंगारी जे बेल तेल वापरतात त्या जवसाच्या तेलाची गोष्टही तीच. जे तेल रंगात रोगण म्हणून उपयोगी पडते, ते कुलपात घातले तर पहिले दोन दिवस किल्ली सुळकन फिरते, मग फुफाटा त्यावर चिकटतो, आणि महिन्या-दोन महिन्यांत खिळ्या जागच्या जागी चिकटून बसतात. खोबरेल तेल असा पापुद्रा धरत नाही, पण थंडीत थिजते. गंज व चिकटा काढणारा फवारा मारून कुलूप आधी धुवावे, पुरते वाळू द्यावे, आणि मग मऊ शिसपेन्सिलीची भुकटी किल्लीच्या दातांवर घेऊन ती दहा-वीस वेळा आत-बाहेर करावी. ओल्या तेलावर ही भुकटी टाकू नये. काळा चिखल होतो. शिवणयंत्राचे तेल बिजागरीच्या खिळीला द्यावे, तेथे ते शोभते. आणि नवी किल्ली करायची झाल्यास मूळ किल्लीवरून करावी. नकलेवरून नक्कल केली, की प्रत्येक पिढीत चूक वाढत जाते.

हॅण्डलविषयी फार सांगण्यासारखे नाही. ते लोंबू लागले तर मानेखाली दडलेला बारीक स्क्रू आवळावा. तरीही लोंबत असेल तर आतील स्प्रिंग तुटली आहे असे समजून स्प्रिंग किंवा सारे हॅण्डल बदलावे. त्याला भाजीची पिशवी अडकवणाऱ्यांनी कारखान्याला दोष देऊ नये.

शेवटी वाचकांना एकच विनंती. दिवाळीच्या रंगकामात कवाडाच्या दोन्ही बाजू चकचकीत होतात, पण वरची व खालची कड, जिथे लाकडाच्या नळ्यांची उघडी तोंडे असतात आणि जिथून ओल सर्वांत वेगाने शिरते, ती कोरीच राहते, कारण तेवढ्यासाठी कवाड उतरवण्याचा त्रास कोणी घेत नाही. यंदा रंगाऱ्याला मजुरी ठरवतानाच सांगावे, की लाकूड सुकल्यावर कवाडे उतरवून खालच्या कडेला रंगाचे दोन हात द्यायचे आहेत, आणि ते दिले गेल्याची स्वतः वाकून खात्री केल्यावाचून हिशेब चुकता करू नये.