लेकराबरोबर वाढणारी झडप

सहा वर्षांच्या मुलाच्या हृदयात आज धातूची झडप बसवली, तर तो सोळा वर्षांचा होऊन बापाच्या खांद्याला लागतो तेव्हाही ती तेवढीच असते. वाढत्या अंगाला लागणारं रक्त तिच्यातून पुरेसं जात नाही आणि पुन्हा छाती उघडावी लागते. महारोहिणीची, म्हणजे डॉक्टरांच्या भाषेत अयॉर्टाची, झडप ज्यांची जन्मतःच बिघडलेली असते त्या मुलांच्या शस्त्रक्रियेतली खरी अडचण ही. तिच्यावरचं सर्वांत धाडसी उत्तर १९६७ साली लंडनमध्ये दिलं गेलं, आणि त्यावरून सर्जन मंडळींत अजूनही वाद होतात.

ही झडप बेलाच्या पानासारखी त्रिदल असते. मिटलेली असताना एकोच्या, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीच्या, पडद्यावर ती मर्सिडीज गाडीच्या खुणेसारखी दिसते आणि डॉक्टरही तिला त्याच नावानं ओळखतात. एकेक पाकळी मिलिमीटरभरही जाड नसते, पण दिवसाकाठी सुमारे एक लाख वेळा उघडते आणि मिटते. शंभरातल्या एकादोघांत मात्र गर्भातच दोन पाकळ्या एकमेकींना चिकटून राहतात आणि झडप माशाच्या तोंडासारखी उघडू लागते. लिओनार्दो दा विंचीच्या हृदयाच्या रेखाटनांत अशी दोन पाकळ्यांची झडपही आहे. बहुतेकांना याचा पत्ता लागतो तो प्रौढपणी, पाकळ्यांत चुना साचून त्या ताठरल्यावर. पण काही बाळांची झडप जन्मालाच इतकी अरुंद असते की पहिल्या काही दिवसांतच मांडीच्या रक्तवाहिनीतून फुगा नेऊन ती उघडावी लागते. फुग्यानं वेळ मिळतो, झडप काही नवी होत नाही. चिकटलेल्या पाकळ्या सोडवणं, हृदयाच्या वेष्टणाच्या तुकड्यानं ठिगळ लावणं, जपानच्या ओझाकींच्या पद्धतीनं त्याच वेष्टणातून तिन्ही पाकळ्या बेतून शिवणं, हेही उपाय आहेत. दुरुस्ती जमत असेल तर आधी दुरुस्तीच करावी, असं मानणारे सर्जन बरेच आहेत.

दुरुस्ती जमत नाही तिथे डोनाल्ड रॉस आठवतात. हिऱ्यांच्या खाणींसाठी प्रसिद्ध असलेल्या दक्षिण आफ्रिकेतल्या किंबर्लीचा हा माणूस. केप टाउनला वैद्यकीच्या वर्गात, पुढे पहिलं हृदयारोपण करणारे ख्रिस्तियान बर्नार्ड त्यांच्याबरोबर होते. १९६२ साली लंडनच्या गाइज हॉस्पिटलमध्ये रॉस यांनी मृत माणसाची झडप काढून रोग्याच्या हृदयात बसवली. त्याच वर्षी न्यूझीलंडमध्ये बॅरेट-बॉइज यांनीही तेच केलं. पण अशा झडपेत जीव नसतो, त्यामुळे ती कालांतरानं झिजते. मग जिवंत झडप आणायची कुठून? रोग्याच्याच हृदयात, महारोहिणीला अगदी खेटून, फुफ्फुसाकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीची झडप असते. तीही तीन पाकळ्यांची. १९६०मध्येच स्टॅनफर्डला कुत्र्यांवर ही अदलाबदल करून पाहिलेली होती. १९६७मध्ये रॉस यांनी ती माणसावर केली.

हृदय थंड द्रावणानं थांबवलेलं असतं आणि रक्ताभिसरण यंत्रावर चालू असतं. सर्जन आधी खराब झडप कापून टाकतो. मग फुफ्फुसाकडची झडप तिच्या नळीसकट सोडवायला घेतो. इथे हात सावकाश चालवावा लागतो, कारण याच नळीच्या मागे, हृदयाच्या मधल्या पडद्याला रक्त पुरवणारी एक बारीक शाखा असते. ती कापली गेली तर सगळंच फसतं. निघालेली नळी महारोहिणीच्या जागी शिवायची, हृदयाला रक्त देणाऱ्या दोन्ही रोहिणींची तोंडं सदऱ्याच्या बटणाएवढ्या चकतीसकट कापून तिच्यावर पुन्हा जोडायची, आणि फुफ्फुसाकडे रिकाम्या झालेल्या जागी मृत दात्याची झडप बसवायची. रोग्याची स्वतःची झडप जिवंत असल्यामुळे ती मुलाबरोबर वाढते आणि रक्त पातळ करणारी गोळी आयुष्यभर घ्यावी लागत नाही.

    

रॉस शस्त्रक्रियेवरचा आक्षेप सोपा आहे: एका झडपेचं दुखणं घेऊन आलेल्या रोग्याच्या दोन झडपा तुम्ही धोक्यात घालता. आक्षेपात तथ्य आहे. फुफ्फुसाकडे रक्ताचा दाब जेमतेम पंचवीस, महारोहिणीत एकशेवीस. माहेरी लाडात वाढलेली ती झडप एकदम या घरात येते आणि काहींमध्ये ताणून रुंदावते. दात्याची झडपही पुढे बदलावी लागते. मात्र २०००मध्ये पॅरिसला बॉनहोफर यांनी छाती न उघडता, रक्तवाहिनीतून नेऊन त्या जागी झडप बसवली, तेव्हापासून तो प्रश्न थोडा हलका झाला. २०१०मध्ये 'लॅन्सेट'नं २१६ प्रौढ रोग्यांवरची तुलना छापली. दहा वर्षांनंतर रॉस पद्धतीचे ९७ टक्के रोगी हयात होते, दात्याची झडप बसवलेल्यांपैकी ८३ टक्के. मात्र हे काम एकाच सर्जनच्या कसलेल्या हातचं होतं. महिन्याकाठी एखादी रॉस करणाऱ्या ठिकाणी हेच आकडे मिळतील, असं मला वाटत नाही.

आपल्याकडे आणखी एक गाठ आहे. भारतात झडपा बिघडवण्यात सांधेतापाचा, म्हणजे संधिवाताच्या तापाचा, मोठा वाटा आहे. त्या मुलांना ही शस्त्रक्रिया द्यावी का, असा प्रश्न दिल्लीच्या एम्समधल्या सर्जननी १९९९मध्येच विचारला होता. कारण नव्या जागी आलेल्या झडपेलाही तोच आजार गाठू शकतो. जन्मजात दोषाची गोष्ट वेगळी. पर्याय म्हणून धातूची झडप आहेच. तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत वलियाथन यांच्या चमूनं घडवलेली देशी झडप १९९०पासून रोग्यांना बसते आहे. पण मग वॉरफरिन ही रक्त पातळ करणारी गोळी आली आणि रक्त किती पातळ आहे ते पाहणारी आयएनआर तपासणी वेळोवेळी आली. मेथी-पालकाचं प्रमाण एकसारखं ठेवायचं. आणि मुलगी मोठी होऊन गरोदर राहिली, की ती गोळी बाळालाही बाधू शकते. पाड्यावरच्या आईला तपासणीसाठी एसटीनं तालुक्याला जायचं म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडते. तिच्यासाठी वाढणारी झडप ही चैन नव्हे.

पर्याय निवडायला वेळ हवा, आणि वेळ मिळतो तो दोष लवकर कळला तर. या झडपेचा दोष असलेलं मूल अनेकदा निळं पडत नाही की धापा टाकत नाही. छातीला नळी लावली, तर जादा आवाज ऐकू येतो. त्यासाठीच राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. त्याची देशभरातली सुरुवात फेब्रुवारी २०१३मध्ये आपल्या पालघरमधून झाली. त्याची पथकं अंगणवाड्यांत आणि शाळांत येतात. त्या दिवशी पोराला घरी ठेवू नका. आणि घरात एकाला दोन पाकळ्यांची झडप निघाली असेल, तर भावंडांचा आणि आईवडिलांचाही एको एकदा करून घ्या. हा दोष घराण्यात चालतो.