शेवटचे कडवे कुठे गेले?

१९५६ च्या जुलैमध्ये अमेरिकेत एल्व्हिस प्रिस्लेची एक तबकडी बाजारात आली. एका बाजूला ‘हाउंड डॉग’, दुसऱ्या बाजूला ‘डोन्ट बी क्रूएल’. दौंडच्या रेल्वे चाळीत वाढलेल्या माझ्यासारख्याचा तिच्याशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध आहे, आणि तो तबकडीच्या मध्यावर चिकटवलेल्या कागदाचा आहे.

‘हाउंड डॉग’ हे गाणे त्याआधी १९५३ मध्ये बिग मामा थॉर्नटन या काळ्या गायिकेने गाजवले होते. काळ्या श्रोत्यांच्या यादीत ते सात आठवडे पहिले होते. आपल्याला पाचशे डॉलरचा एक चेक मिळाला, एवढेच ती सांगत असे. (गाणे लिहिणारी दोन पोरे गोरी होती, हेही नोंदवले पाहिजे, आपल्या सोयीचे तेवढेच सांगू नये.) तीन वर्षांनी तेच गाणे गोऱ्या गळ्यातून आले आणि लाखांनी खपले. दुसऱ्या बाजूचे गाणे ऑटिस ब्लॅकवेल या काळ्या गीतकाराचे. पण कागदावर गीतकार म्हणून त्याच्या नावाशेजारी प्रिस्लेचेही नाव आहे. गाणे गायला हवे असेल तर अर्धा हक्क द्या, असा तो व्यवहार होता. ज्यांच्या लढ्यावरून १९७२ मध्ये आपल्या तरुणांनी ‘पँथर’ हे नाव घेतले, त्या समाजाचा हा अनुभव आहे.

आता तबकडीचे गणित पाहा. दहा इंची, मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकडीच्या एका बाजूवर तीन-सव्वातीन मिनिटे मावतात. तिकडचे गाणे त्या मापातच वाढले. आपले गाणे जलशात वाढले. तिथे घड्याळ नव्हते. शाहीर एक कडवे म्हणे, थांबून दोन गोष्टी समजावून सांगे, मागचे झीलकरी ओळ उचलत, लोक ‘पुन्हा’ म्हणत. एका गाण्याला दहा-पंधरा मिनिटे सहज लागत. आणि कवीचे नाव शेवटच्या कडव्यात येई. संतांपासून चालत आलेली ही रीत. चोखोबाच्या अभंगात आहे, वामनदादा कर्डकांच्या गाण्यातही ‘वामन’ येतोच. ज्या श्रोत्याला अक्षर येत नाही, त्याला कागदाचा काय उपयोग? त्याच्यासाठी नाव गळ्यातूनच यायला हवे.

तीन मिनिटांत गाणे बसवायचे म्हटले की काय कापणार? धृपद कापता येत नाही, पहिले कडवे कापता येत नाही. मग शेवटचे जाते आणि त्याबरोबर माणूसही जातो. कोणी दुष्टपणाने हे केले असे मी म्हणत नाही. कात्रीला जात नसते. पण ती पडते कुठे, ते आपण पाहायचे.

गायकाचे तरी नाव राहते. तुकोबांची पालखी आमच्या तालुक्यात यवतला, वरवंडला मुक्कामाला येते, तेव्हा भोंग्यांवरून प्रल्हाद शिंद्यांची विठ्ठलाची गाणी घुमतात. ज्यांच्या बापजाद्यांना पंढरीच्या देवळाची पायरी बंद होती, त्यांच्यातला हा गळा. आवाज ओळखणारे हजार भेटतील. गीतकार कोण, हे मी वरवंडच्या चहाच्या टपरीवर दोनदा विचारून पाहिले. लोक हसले.

माझे चुलते, आम्ही त्यांना नाना म्हणत असू, रेल्वेत खलाशी होते. रात्रपाळीत वहीत गाणी लिहीत. १९८७ च्या सुमारास एका कॅसेट कंपनीने त्यांचे एक भीमगीत घेतले. दोनशे रुपये हातावर ठेवले आणि कोऱ्या कागदावर सही घेतली. पुढच्या १ जानेवारीला आम्ही दौंडहून न्हावऱ्यामार्गे शिरूरला आणि तिथून भीमेवरचा पूल ओलांडून पेरण्याच्या स्तंभाला गेलो. कॅसेटच्या एका दुकानावर तेच गाणे लागले होते. नाना रस्त्यातच उभे राहिले. गाणे संपले तरी हलेनात. मी म्हटले, “नाना, चला.” ते म्हणाले, “थांब की. माझं कडवं राहिलंय अजून.”

दुकानदाराने कॅसेट उलटवली. वेष्टनावर गायकाचा फोटो होता, कंपनीचे नाव होते. गीतासमोर छापले होते : पारंपरिक.

हा शब्द सभ्य आहे, म्हणूनच तो घातक आहे. ज्याचे नाव लिहायचे नाही, त्याला परंपरेत ढकलायचे.

कायदा मात्र अगदीच मुका नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या ५७ व्या कलमाप्रमाणे, हक्क विकला तरी ‘हे मी लिहिले’ असे सांगण्याचा लेखकाचा अधिकार विकला जात नाही. २०१२ च्या दुरुस्तीने ध्वनिमुद्रणातील मानधनाचा गीतकाराचा वाटा सही करूनही सोडता येऊ नये, अशी तरतूद केली. गीतकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षे हा हक्क वारसांकडे राहतो. वामनदादा २००४ मध्ये गेले. म्हणजे त्यांच्या शब्दांवरचा हक्क २०६४ च्या अखेरपर्यंत चालेल. पण दावा करायचा तर हाती पुरावा हवा, आणि आपल्या शाहिरांच्या वह्या पत्र्याच्या पेटीत वाळवी खात पडल्या आहेत. शिरूर-दौंडकडच्या शिक्षकांनी, विद्यार्थ्यांनी त्या आधी उतरवून घ्याव्यात. तारीख घालावी, दोन साक्षीदारांच्या सह्या घ्याव्यात.

नानांच्या वहीत ४१ गाणी आहेत. त्या एका गाण्याला पाच कडवी आहेत. कॅसेटवर तीन आहेत.