कच्च्या प्रतिमांचे संस्करण

अंकीय कॅमेऱ्यातील प्रकाशसंवेदकाने टिपलेल्या, परंतु दृश्य चित्रात रूपांतरित न केलेल्या माहितीला कच्ची किंवा रॉ प्रतिमा म्हणतात. तिच्यापासून पाहण्याजोगे व छापण्याजोगे छायाचित्र तयार करणे म्हणजे संस्करण होय. ते संगणकावर खास आज्ञावलीच्या साहाय्याने केले जाते. फिल्मवरील छायाचित्रणात निगेटिव्हचे जे स्थान होते, तेच येथे कच्च्या प्रतिमेचे आहे. मात्र निगेटिव्ह उजेडाकडे धरून कोणालाही पाहता येते. कच्ची प्रतिमा तिची रचना जाणणाऱ्या आज्ञावलीवाचून निव्वळ अंकांचा साठा असते. आज्ञावलीची निवड महत्त्वाची ठरते ती यामुळेच.

बहुतेक संवेदकांना रंग कळत नाही, केवळ प्रकाशाची तीव्रता कळते. म्हणून प्रत्येक चित्रबिंदूवर लाल, हिरवी वा निळी यांपैकी एकच रंगगाळणी बसविलेली असते. ईस्टमन कोडॅक कंपनीतील ब्राइस बायर यांच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या रचनेत (अमेरिकी एकस्व १९७६) निम्म्या गाळण्या हिरव्या आणि प्रत्येकी एकचतुर्थांश लाल व निळ्या असतात. उरलेले दोन रंग शेजारच्या चित्रबिंदूंवरून अनुमानाने काढावे लागतात. हे गणित प्रत्येक आज्ञावली आपापल्या रीतीने करीत असल्याने एकाच कच्च्या प्रतिमेपासून दोन आज्ञावल्यांनी काढलेली चित्रे तंतोतंत सारखी नसतात. फूजीफिल्मने २०१२ मध्ये आणलेल्या एक्स-ट्रान्स संवेदकात गाळण्यांची मांडणी ६ × ६ अशी निराळी आहे. तेथे हा फरक, विशेषतः पानांसारख्या बारीक तपशिलात, अधिक जाणवतो.

कच्च्या प्रतिमेत सामान्यतः प्रत्येक चित्रबिंदूसाठी १२ किंवा १४ बिट, म्हणजे ४,०९६ किंवा १६,३८४ पायऱ्या असतात. नेहमीच्या जेपीईजी चित्रात प्रत्येक रंगासाठी २५६ च. त्यामुळे सावलीतील तपशील उजळणे व श्वेत संतुलन मागाहून ठरविणे शक्य होते. संवेदक पूर्ण संपृक्त झालेल्या भागातील तपशील मात्र, जाहिरातींत काहीही म्हटलेले असो, कोणतीही आज्ञावली खऱ्या अर्थाने परत आणू शकत नाही.

कॅमेरा-उत्पादकांच्या स्वतःच्या आज्ञावल्या कॅमेऱ्यातील रंगछटा विश्वासूपणे उतरवितात, पण त्या सहसा त्याच उत्पादकाच्या कॅमेऱ्यांपुरत्या असतात. अनेक उत्पादकांच्या प्रतिमा वाचणाऱ्या आज्ञावल्यांचा पाया डेव्ह कॉफिन यांनी १९९७ मध्ये सुरू केलेल्या डीसीरॉने घातला. ॲडोबीची लाइटरूम (२००७), कॅप्चर वन व डीएक्सओ फोटोलॅब या विकत वा भाड्याने मिळतात. डार्कटेबल व रॉथेरपी या मुक्त असून विनामूल्य आहेत. त्या शिकण्यास वेळ लागतो, हीच त्यांची खरी किंमत.

निवड करताना गुणवत्तेइतकाच टिकाऊपणाचा विचार करावा लागतो. या आज्ञावल्या मूळ प्रतिमेला हात लावीत नाहीत. केलेले फेरफार सूचनांच्या रूपाने सूचिग्रंथात किंवा जोडफाइलीत नोंदवितात. या सूचनांचा पूर्ण अर्थ त्याच आज्ञावलीला कळतो. ॲपल कंपनीची ॲपर्चर ही आज्ञावली २००५ मध्ये आली. २०१४ मध्ये तिचा विकास थांबविल्याचे जाहीर झाले व २०१९ च्या कॅटलिना या प्रचालन प्रणालीवर ती चालेनाशी झाली. मूळ प्रतिमा सुरक्षित राहिल्या, पण त्यांवर वर्षानुवर्षे केलेले काम दुसरीकडे जसेच्या तसे नेता आले नाही. कायम परवान्याचीही मर्यादा असते : लाइटरूम ६ (२०१५) ही तशा परवान्याने विकलेली शेवटची आवृत्ती २०१७ नंतरच्या नव्या कॅमेऱ्यांच्या फाइली थेट ओळखत नाही. त्या ॲडोबीच्याच विनामूल्य परिवर्तकाने डीएनजी रूपात आणाव्या लागतात. म्हणून पूर्ण झालेल्या चित्राची टिफ प्रत वेगळी ठेवणे आणि आज्ञावली घेण्यापूर्वी आपल्याच कॅमेऱ्याच्या, शक्यतो कठीण प्रकाशातील, प्रतिमांवर ती चालवून पाहणे इष्ट असते.

२००५ मध्ये निकॉनने डी२एक्स कॅमेऱ्याच्या फाइलीतील श्वेत संतुलनाची माहिती सांकेतिक केली, तेव्हा छायाचित्र काढणाऱ्याच्या मालकीचे की कॅमेरा-उत्पादकाच्या, असा वाद उभा राहिला. डीएनजी हे खुले स्वरूप ॲडोबीने त्याच्या आदल्या वर्षी मांडले होते. लायका व पेंटॅक्स यांचे अनेक कॅमेरे ते थेट वापरतात. निकॉन, कॅनन व सोनी यांची कच्ची स्वरूपे मात्र आजही आपापली आहेत.