पाव किलोचे कोडे

गेल्या मे महिन्यातील गोष्ट. तारोडीत एका लग्नघरी उंबराच्या पाण्याची मिरवणूक निघाली होती. विहिरीवर बायकांची गर्दी, पुढे बँड, आणि डोक्यावर फोटोवाल्याचा ड्रोन घोंघावत होता. संध्याकाळचा वारा सुटला, ड्रोन नारळाच्या झावळीला घासला आणि शेजारच्या पत्र्यावर आदळला. दोन हातांवर मुले नाचत होती. लोक क्षणभर दचकले, मग हसले, आणि बँड पुन्हा सुरू झाला.

त्याच रात्री जेवणाच्या पंगतीत माझा एक माजी विद्यार्थी शेजारी येऊन बसला. त्याची थोरली बहीण आयर्लंडमध्ये गॉलवे येथे परिचारिका आहे. तो तिला भेटायला निघाला होता, पुढे दोन दिवस बेलफास्टलाही जाणार होता. "सर, तिकडे ड्रोन घेणार आहे. हलका घेऊ की मोठा? दुकानदार म्हणतो, अडीचशे ग्रॅमच्या आतला घे, त्याला कायदाच नाही."

पत्र्याचा आवाज अजून माझ्या कानात होता. मी त्याला विचारले, "अडीचशेच का रे? दोनशे का नाही, तीनशे का नाही?" त्याला सांगता येईना. खरे म्हणजे मलाही तेव्हा नीट सांगता आले नाही. घरी येऊन शोधले, तेव्हा नववी-दहावीच्या पुस्तकातील एक सूत्र हाती लागले.

२०१५ साली अमेरिकेत ड्रोनची नोंदणी सक्तीची करायचे ठरले. कोणते ड्रोन वगळावेत, हे ठरवायला तेथील विमानवाहतूक प्रशासनाने एक समिती नेमली. समितीने सुरुवात ड्रोनपासून केली नाही, माणसाच्या डोक्यापासून केली. डोक्यावर सुमारे ८० ज्यूल ऊर्जेचा आघात झाला तर मृत्यूची शक्यता ३० टक्के, असा जुन्या संरक्षण-अभ्यासांतील अंदाज तिने घेतला. मग प्रश्न उलटा केला : आकाशातून पडताना किती वजनाची वस्तू एवढी ऊर्जा कमावेल?

पडणारी वस्तू कायम वेग घेत नाही, हे आपण वर्गात शिकवतोच. वेग वाढतो तसा हवेचा रोध वाढतो, आणि रोध वजनाइतका झाला की वेग स्थिरावतो. हाच अंतिम वेग. पाव किलोच्या ड्रोनसाठी समितीने तो सेकंदाला सुमारे २५ मीटर धरला. आता गतिज ऊर्जा काढा : अर्धा गुणिले ०.२५ गुणिले २५ चा वर्ग, म्हणजे ७८ ज्यूल. पाव किलोची रेघ येथून आली. पुढे २०२१ च्या आपल्या ड्रोन नियमांतही सर्वांत लहान, 'नॅनो' गटाची मर्यादा २५० ग्रॅमच आहे.

८० ज्यूल म्हणजे किती? १६० ग्रॅमचा क्रिकेटचा चेंडू ताशी ११४ किलोमीटर वेगाने आला तर त्यात एवढी ऊर्जा असते. दीड किलोचा नारळ साडेपाच मीटरांवरून पडला तरी तेवढीच. आमच्याकडे माडाखाली खाट का टाकत नाहीत, हे पोरांना वेगळे सांगावे लागत नाही.

समितीने हिशोब येथे थांबवला नाही, आणि मला पुढचा भाग अधिक बोलका वाटतो. वस्ती दर चौरस मैलाला १०,००० माणसे धरली, म्हणजे दर चौरस मीटरला ०.००३९. आघाताचे क्षेत्र ०.०२ चौरस मीटर, शंभर तासांच्या उड्डाणात एक अपघात, आणि उघड्यावर असलेली माणसे फक्त २० टक्के. हे सगळे आकडे आणि ३० टक्के मृत्यूची शक्यता एकत्र गुणून पाहा. उत्तर येते : दोन कोटींहून अधिक उड्डाण-तासांत एक मृत्यू. एवढा धोका पत्करायला हरकत नाही, असे समितीने ठरवले.

आता हेच गणित आपल्या गावात आणू. मीरा-भाईंदरची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत सुमारे ८ लाख होती आणि महापालिकेचे क्षेत्र सुमारे ७९ चौरस किलोमीटर आहे. म्हणजे दर चौरस किलोमीटरला दहा हजारांवर माणसे. समितीने धरलेल्या वस्तीच्या अडीचपटींहून जास्त. आणि मिरवणुकीत उघड्यावर २० टक्के नसतात, शंभर टक्के असतात. दोन्ही मिळून धोका सुमारे तेरा पट. खाली एका मैलात जेमतेम दहा हजार लोक आहेत आणि बहुतेक छपराखाली आहेत, अशी अट 'निरुपद्रवी' पाव किलोला चिकटलेली आहे. दुकानदार ती अट डब्यावर छापत नाही.

उलट बाजूही सांगायला हवी. ८० ज्यूलचा अंदाज कठीण, ठोस वस्तूंवरून आलेला आहे. ड्रोन प्लास्टिकचा असतो, आदळताना वाकतो, मोडतो. २०१७ साली अमेरिकन विद्यापीठांनी एक फँटम ड्रोन आणि तेवढ्याच वजनाचे लाकडाचे व पोलादाचे तुकडे पुतळ्यांवर आदळवून पाहिले. ड्रोनने डोक्याला बरीच कमी इजा केली. त्यामुळे ७८ हा आकडा घाबरवण्यासाठी वापरू नये. आपल्याला तो तुलनेसाठी हवा आहे.

तर तुलना करू. डीजेआय कंपनीचा मिनी २ हा ड्रोन २४९ ग्रॅमच्या आत बसतो. मॅव्हिक ३ आहे ८९५ ग्रॅमचा. वजन साधारण ३.६ पट. मग आघातही ३.६ पट? नाही. आकार वाढतो तेव्हा वजन घनाने वाढते, पण वाऱ्याला अडवणारे क्षेत्र वर्गानेच वाढते. मोठ्या ड्रोनला वजनाच्या मानाने रोध कमी मिळतो, म्हणून त्याचा अंतिम वेग सुमारे सव्वापट होतो. आणि ऊर्जेत वेगाचा वर्ग येतो. दोन्ही ड्रोनची ठेवण सारखी धरली तर आघात निघतो साडेपाच पट, चारशे ज्यूलच्या वर.

वर्गात हे दाखवायला ड्रोन लागत नाही. मिठाईच्या डब्यातील पाच कागदी वाट्या घ्या. चार एकात एक बसवा, एक सुटी ठेवा. सुटी वाटी एक मीटरवरून आणि चौकडी दोन मीटरवरून एकाच क्षणी सोडा. पंखा मात्र बंद हवा. दोन्ही जवळजवळ एकदमच जमिनीला टेकतात. वजन चौपट, क्षेत्र तेच, अंतिम वेग दुप्पट. आता ऊर्जा किती पट, हे मुलांनाच काढू द्या. 'आठ' म्हणणारे दोघे-तिघे निघतातच, आणि चर्चा तिथूनच रंगते.

ज्या गुणाने मोठा ड्रोन जोरात पडतो, त्याच गुणाने तो वाऱ्यात तगतो. निवड अवघड होते ती इथे. मिनी २ नेहमीच्या पद्धतीने उडताना सेकंदाला १० मीटर वेग घेतो, मॅव्हिक ३ पंधरा मीटर. समजा वारा ८ मीटरचा आहे आणि ड्रोन वाऱ्याबरोबर ६०० मीटर दूर गेला. जाताना हलक्याला लागतात अवघे ३३ सेकंद, मालक खूश. परत येताना त्याचा जमिनीवरचा वेग उरतो १० वजा ८, म्हणजे २ मीटर. पाच मिनिटे! बॅटरी तोवर टिकेलच असे नाही. मोठा ड्रोन दीड मिनिटात परततो.

म्हणून जाताना वाऱ्याच्या तोंडावर जावे आणि येताना वारा पाठीशी घ्यावा. उत्तनच्या कोळ्यांना हे कोणी शिकवावे लागत नाही. दुपारी खारे वारे समुद्राकडून येतात, तेव्हा समुद्रावर गेलेला ड्रोन सुखाने परततो. पहाटे मतलई वारे जमिनीकडून वाहत असताना तोच हलका ड्रोन पाण्यावर नेला, तर परतीची खात्री नाही. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर तर अटलांटिकचा वारा क्वचितच पडलेला असतो.

मग कायद्याचे काय? युरोपीय संघात ३१ डिसेंबर २०२० पासून एक नियमावली लागू आहे, आणि आयर्लंड तीत येते. पाव किलोच्या आतील 'सी-शून्य' गटाचा ड्रोन उडवायला परीक्षा नाही, परंतु त्याला कॅमेरा असेल तर मालकाला आपली नोंदणी करावीच लागते. तो अनोळखी माणसावरून जाऊ शकतो, जमावावरून नाही. ९०० ग्रॅमच्या आतील 'सी-एक' गटाला ऑनलाइन परीक्षा आहे, आणि अनोळखी माणसांवरून जायचेच नाही. गंमत म्हणजे या गटाच्या व्याख्येत वजनाला पर्याय म्हणून आघात-ऊर्जेची मर्यादा दिली आहे : ८० ज्यूल! उंची दोन्हींना १२० मीटरपर्यंतच. बेलफास्ट मात्र ब्रिटनमध्ये. तेथे १ जानेवारी २०२६ पासून १०० ग्रॅमपासूनच उडवणाऱ्याला ऑनलाइन चाचणी देऊन ओळख-क्रमांक घ्यावा लागतो.

जपानची कथा आणखी मजेची. तेथे मर्यादा २०० ग्रॅम होती, म्हणून २०१९ मध्ये मॅव्हिक मिनी नावाचा २४९ ग्रॅमचा ड्रोन तेथे १९९ ग्रॅमचा करून विकला गेला. बॅटरी अर्ध्याहून लहान केली, उड्डाण ३० मिनिटांचे १८ वर आले. जून २०२२ मध्ये मर्यादा १०० ग्रॅम झाली आणि ती सारी काटकसर वाया गेली. काही ठिकाणी तर तराजूच लागत नाही : अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांत २०१४ पासून लहान-मोठा कोणताच ड्रोन उडवता येत नाही. मोरोक्को आणि इजिप्तमध्ये तो विमानतळावरच काढून घेतला जातो.

विमानात नेताना वजनापेक्षा बॅटरी पाहतात. १०० वॉट-तासांच्या आतील चालते. अँपिअर-तास गुणिले व्होल्ट करा : मिनी २ ची २.२५ गुणिले ७.७ म्हणजे सुमारे १७, मॅव्हिक ३ ची ५ गुणिले १५.४ म्हणजे ७७. दोन्ही पास. सुट्या बॅटऱ्या मात्र हातातील सामानातच, टोकांवर चिकटपट्टी लावून.

हे सगळे मी त्या मुलाला एका रविवारी सांगितले. त्याने शांतपणे ऐकले आणि म्हणाला, "म्हणजे हलका. तिकडून येताना घेऊनच येतो, पोरांना दाखवू."

"तेवढं करू नकोस," मी म्हणालो. ९ फेब्रुवारी २०२२ च्या अधिसूचनेने तयार ड्रोन भारतात आयात करायला बंदी आहे. सूट आहे ती संशोधन, संरक्षण आणि सुरक्षेच्या कामांसाठी, तीही परवानगी काढून. पाव किलोला तिथे सवलत नाही. इथला ड्रोन घेऊन जाणाऱ्यानेसुद्धा निघताना कस्टम्सकडून निर्यातीचा दाखला घ्यावा, नाही तर परतल्यावर तो आपलाच हे सिद्ध करताना नाकी नऊ येतात.

तो थोडा हिरमुसला. पण गेला, आणि गॉलवेला बहिणीच्या नावाने नोंदणी करायची की स्वतःच्या, यावर दोघांचा फोनवर वाद झाल्याचेही कळवले. (जो उडवण्याची जबाबदारी घेतो त्याच्या नावाने, असे मी सांगितले.) ड्रोन त्याने हलकाच घेतला. अकरा दिवसांपैकी चार दिवस वाऱ्यामुळे तो पेटीतून बाहेरच निघाला नाही. बेलफास्टला तर नेलाच नाही. परत येताना ड्रोन बहिणीच्या कपाटात राहिला आणि नखाएवढे कार्ड तेवढे त्याच्या खिशातून तारोडीला आले.

ते आम्ही शाळेत पडद्यावर पाहिले. एका दृश्यात किनारा सरकेनासा होतो, ड्रोन जागच्या जागी थरथरत राहतो. आठवीतील एक मुलगी म्हणाली, "सर, दहा वजा दहा."